भाऊबीज ते लाभपंचमी, मधले दोनच दिवस: सासूबाई आणि मुलांना घेऊन इमॅजिका कसं जमवावं?

बडोदेकरीण

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारात घर. हे औषधांच्या एका एजन्सीत हिशेब बघतात. इथला रिवाज गुजरातेत राहणाऱ्यांना माहीत आहेच. दिवाळीला चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा, झालं की शटर खाली, ते लाभपंचमीला मुहूर्त करून वर. त्या दिवशी सकाळी पूजेला सगळा स्टाफ हजर लागतो, त्यात सवलत नाही. लक्ष्मीपूजन आणि पाडवा आमच्या घरी. भाऊबीजेला यंदा आम्ही कल्याणला नणंदेकडे जाणार आहोत. म्हणजे आमच्या हातात राहतात तृतीया आणि चतुर्थी, एवढेच.

मुलांनी इमॅजिका थीम पार्कचा ध्यास घेतलाय. कल्याणहून खोपोली जवळ, म्हणून मीही हो म्हटलं. मुलांच्या शाळेला 21 दिवस सुटी आहे, तेव्हा गर्दी ओसरल्यावर जा असं कोणीही सांगेल. पण मग बाबा बरोबर नसतील. वर्षभर हे रात्री नऊच्या आत घरी येत नाहीत. मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला तिथल्या नायट्रो रोलरकोस्टरमध्ये बसायचंय ते बाबांच्या शेजारीच. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो मित्रांबरोबर जायला लागेल, हे मला दिसतंय. म्हणून गर्दी असली तरी याच दिवसांत जायचंय.

मुलगी सहा वर्षांची, उंचीला बेताची. सासूबाई एकाहत्तरच्या, गुडघे दुखतात पण हौस दांडगी. नणंद आणि तिचे मिस्टर धरून आम्ही सात जण.

विचारायचं ते असं. दोन दिवसांपैकी कुठला निवडू? रांग टाळायचा एक्स्प्रेस पास सगळ्यांना घ्यावा का? सासूबाईंना बरोबर न्यावं की नणंदेच्या घरी ठेवावं? त्यांना मागे ठेवणं माझ्या जिवावर येतं. आणि लाभपंचमीच्या सकाळी बडोद्यात पोचायचंच आहे, तर परतीचं काय करू?

कल्याण_पूर्व

ताई, प्रवासाचं मी सांगतो, पार्कचं बाकीचे सांगतील.

कल्याणहून थेट खोपोली लोकल आहे, पण त्या मोजक्या. कर्जतला मात्र बऱ्याच जातात. एक चुकली की कर्जतला उतरून पुढे गाडी शोधत बसावं लागतं. सात जण, त्यात आजी आणि सहा वर्षांची मुलगी, तेव्हा मी तर कल्याणहूनच सात सीटची गाडी दिवसभरासाठी ठरवेन. बदलापूर, कर्जत करत खोपोली. दिवाळीत द्रुतगती मार्गावर मुंबईहून लोणावळ्याला निघालेली सगळी गर्दी असते, कर्जतच्या रस्त्यानं ती टळते. गाडीवाल्याशी थांबण्याचे तास आणि रात्रीचा दर आधीच बोलून घ्या.

बडोद्याहून स्वतःची गाडी आणायचा विचार असेल तर सोडा. साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, शेवटी घोडबंदरचा रस्ता, आणि दुसऱ्या दिवशी तेच उलटं. ज्या बाबांसाठी हा सगळा खटाटोप, ते स्टिअरिंगवरच दमून जातील.

परतीला दादरहून रात्री उशिरा सुटणारी एकतानगरची गाडी बघा, पहाटे-सकाळी बडोद्याला सोडते. कल्याणहून लोकलनं दादर, आणि त्याच स्टेशनात पुलावरून पश्चिम रेल्वेच्या बाजूला. सामान कमी असेल तर सोपं आहे. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर 2024 पासून हा नियम आहे, आधी 120 दिवसांचा होता. दिवाळीची तिकिटं सकाळी आठला खिडकी उघडली की काही मिनिटांत संपतात. तारीख पंचांगात बघून ठेवा आणि त्या सकाळी आठच्या आधी लॉगिन करून बसा. तत्काळच्या भरवशावर लाभपंचमीची पूजा ठेवू नका.

आजवा_रोड

राग मानू नका, पण एवढी यातायात कशाला? आपल्या घराजवळ आजव्याला आतापी पार्क आहे. सयाजीराव महाराजांच्या तलावाच्या अंगणात, शहरातून तासाभराच्या आत. सासूबाईंना संध्याकाळी कारंजं बघता येईल आणि रात्री सगळे आपल्या अंथरुणावर. दिवाळीत तिथेही गर्दी असतेच, पण रेल्वेच्या तिकिटाची धास्ती नाही.

बडोदेकरीण

आतापी मुलांनी पाहिलंय आणि त्यांना आवडलंही. पण नायट्रो तिथे नाही, आणि कल्याणला तर भाऊबीजेसाठी जायचंच आहे. तरी मनापासून सुचवलंत, आभार.

कल्याणचे दादा, गाडीचं अगदी पटलं. ह्यांनाही वाचून दाखवलं. अजून पार्कच्या आतलं कोणी सांगाल का? रांगांची मला खरंच भीती वाटते. मुलगी रांगेत रडायला लागली की सगळ्यांचा दिवस जातो.

सायकल_टाइम

ताई, मीही बडोद्याचाच. वाघोडियाकडच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो. दिवसभर माझं काम एकच, माल कुठे तुंबतो ते शोधायचं. पार्कात गेलो तरी डोकं तसंच चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गर्दीच्या दिवशी बहुतेक लोक रांगेची लांबी बघून ठरवतात. छोटी रांग दिसली की शिरतात. इथेच दिवस वाया जातो. बघायचं ते असं, की एका फेरीत किती माणसं जातात आणि एक फेरी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती मिनिटं लागतात.

समजा एका शोच्या हॉलबाहेर 150 माणसं उभी आहेत. बघूनच छाती दडपते. पण दार उघडलं की सगळी एकदम आत. तुम्ही पंधरा-वीस मिनिटांत खुर्चीत, तेही एसीत. शेजारी लहान मुलांचा छोटा पाळणा, समोर फक्त 60 जण. वाटतं, आत्ता नंबर लागेल. पण पाळण्यात एका वेळी 16 बसतात, आणि प्रत्येक मुलाचा पट्टा लावा, तपासा, फिरवा, उतरवा, यात 5 मिनिटं जातात. म्हणजे चार फेऱ्या, 20 मिनिटं, उन्हात. मधेच कोणी मूल रडून उतरलं की आणखी वेळ. रांग निम्म्याहून लहान, वेळ तेवढाच किंवा जास्त. आकडे मी उदाहरणाला घेतलेत, हिशेब मात्र सगळीकडे हाच.

रांगेत शिरण्याआधी बाजूला दोन मिनिटं उभं राहा. घड्याळ लावून एक फेरी सुटलेली बघा, दुसरी सुटेपर्यंत थांबा, एका फेरीची डोकी मोजा. रांगेतल्या माणसांना त्या आकड्यानं भागा, मिनिटांनी गुणा. तुमच्या मुलाला हे काम द्या. बारा वर्षांच्या मुलाला घड्याळ आणि अधिकार दोन्ही मिळाले की तो दिवसभर रांगेबद्दल कुरकुर करत नाही.

यातून दिवसाचा क्रम आपोआप निघतो. सकाळी दार उघडल्यावरचा पहिला तास सर्वात मोलाचा. तो दोन ठिकाणी खर्चा, एक नायट्रो आणि दुसरी तुमच्या मुलीची लहान मुलांची राइड. याच दोन रांगा पुढे तुंबतात. म्हणून पहिल्याच तासात कुटुंब दोन भागांत वाटा. बाबा आणि मुलगा नायट्रोकडे, तुम्ही आणि मुलगी छोट्यांच्या राइडकडे. सात जणांनी सगळीकडे एकत्र फिरायचं म्हटलं तर सर्वात सावकाश माणसाच्या गतीनं सगळे चालतात आणि कोणाचंच समाधान होत नाही. दुपारी ऊन चढलं की आतले मोठ्या हॉलचे शो, एकत्र. आय फॉर इंडियामध्ये हेलिकॉप्टरमधून देश बघितल्यासारखं वाटतं, ते आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांना जमतं. पाण्याच्या राइडला त्यानंतर जा. तिथे कपडे भिजतात आणि ओल्या कपड्यांनी एसी हॉलमध्ये बसलं की लहान मुलं गारठतात. शेवटच्या तासात मोठ्या राइडच्या रांगा पुन्हा उतरायला लागतात, कारण लांबून आलेले लोक परतीच्या काळजीनं निघतात. मुलाला नायट्रो दुसऱ्यांदा हवीच असणार, ती तेव्हा.

नायट्रोबद्दल थोडं, कारण तुमच्या मुलाचा सगळा जीव तिथे आहे. 2013 मध्ये पार्क सुरू झालं त्याच वर्षीची ती. स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड माबिलार्ड कंपनीनं बनवलेली. उंची साधारण 40 मीटर, वेग ताशी 105 किलोमीटरपर्यंत, पाच वेळा उलटी होते, आणि पायाखाली फळी नाही. पाय मोकळे लोंबतात. म्हणून चपला नकोत, घट्ट नाड्यांचे बूट घाला. खिशातलं सगळं आधी तुमच्या पिशवीत टाका.

आता सर्वात महत्त्वाचं. तिकीट काढायच्या आधी घरी दोन्ही मुलांची उंची मोजा. बूट काढून, टाच भिंतीला लावून, डोक्यावर वही आडवी धरून पेन्सिलीची खूण, मग टेप. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंचीची अट दिलेली असते, ती समोर ठेवून दोघांच्या दोन याद्या करा. मुलगा नायट्रोच्या अटीत थोडक्यात बसत नसेल तर ते त्याला बडोद्यातच कळू द्या. तासभर रांगेत उभं राहून पट्टीपाशी परत फिरलेल्या मुलाचं तोंड बघवत नाही. मुलीलाही तिची यादी तिच्या हातात द्या. दादाला मिळतं आणि मला नाही, ही रड निम्मी कमी होते.

एक्स्प्रेस पास सातही जणांना नको. तो मोठ्या राइडच्या रांगेसाठी पैसे मोजणं आहे. आजी, नणंद, मुलगी यांना त्याचा फारसा उपयोग नाही. बाप-लेकांना दोघांनाच घ्या. वर्षातून एक दिवस मिळतोय, तो रांगेत जाऊ नये म्हणून ते पैसे सार्थकी लागतात. मात्र पासात कुठल्या राइड येतात ते घेताना नीट वाचा. प्रवेशाची तिकिटं त्या तारखेची ऑनलाइनच काढा, आणि त्या दिवशी पार्क किती वाजता उघडतं तेही तिथेच बघा. सुटीत वेळा बदलतात.

जेवण साडेअकरा-पावणेबाराला किंवा तीननंतर. एक ते अडीच उपाहारगृहाची रांग कुठल्याही राइडपेक्षा वाईट असते, आणि त्याच वेळी शोच्या रांगा जरा हलक्या होतात. बाहेरचे डबे आत चालत नाहीत, तेव्हा सकाळी खोपोलीत पोटभर नाश्ता करून मगच दाराशी या.

आणि मुलीच्या हाताच्या आतल्या बाजूला पेननं तुमचा आणि बाबांचा मोबाइल नंबर लिहा. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, घामानं पुसत नाही.

मांडवीच्या_काकू

अगं, तुझ्या सासूबाईंचं कोणीच बोलेना, म्हणून मी लिहिते. मीही त्यांच्याच वयाची.

त्यांना घरी ठेवू नकोस आणि दिवसभर पार्कातही फिरवू नकोस. खोपोलीच्या जवळच महडचा वरदविनायक आहे, अष्टविनायकातला. आणि इमॅजिका आहे खोपोली-पाली रस्त्यावर. त्याच रस्त्यानं पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. गाडी दिवसभर ठरवलेलीच आहे, तर तुम्हाला पार्काच्या दाराशी सोडून नणंदबाईंनी आईला घेऊन देवदर्शनाला जावं. महडचं देऊळ छोटं, तळ्याकाठी. तिथला नंदादीप 1892 पासून तेवतोय म्हणतात. पालीच्या देवळात चिमाजीअप्पांनी वसईच्या विजयानंतर अर्पण केलेली घंटा आहे. आपण बडोद्याची माणसं, मराठ्यांच्या इतिहासातलं असं काही समोर दिसलं की वेगळंच वाटतं.

पण बाई, तिथी बघ. लाभपंचमीच्या आदल्या दिवशी शुद्ध चतुर्थी, म्हणजे विनायकी. त्या दिवशी अष्टविनायकाच्या देवळांत रांग लागणारच. एकाहत्तराव्या वर्षी दुखऱ्या गुडघ्यांनी त्या रांगेत उभं राहायचं कशाला? तृतीयेला जा. तू विचारलंस ना कुठला दिवस, तर माझ्या मते इथेच उत्तर आहे. तृतीयेला तुम्ही पार्कात, त्या देवाला. चतुर्थीला कल्याणला आराम, संध्याकाळी निघा. एक दिवस हाताशी राखून ठेवलेला बरा. गाडी बिघडली, मूल आजारी पडलं, तरी ह्यांची पूजा चुकत नाही.

नणंदबाईंनाही विचार. लग्न झालेल्या मुलीला आईबरोबर अख्खा दिवस, तोही मुलंबाळं आणि स्वयंपाकघर मधे नसताना, फार क्वचित मिळतो. मला माझी लेक असं कुठे घेऊन गेली तर मी झोपाळेपाळणे सगळे विसरेन.

दर्शन करून दुपारी चारच्या सुमारास त्या पार्कात येऊ शकतात का, ते मात्र तिकिटाच्या हिशेबानं बघ. संध्याकाळी तिथे मिरवणूक निघते, रोषणाई असते, आजीला ते आवडेल. पूर्ण तिकीट काढूनही मला ते महाग वाटणार नाही. नातवंडांबरोबर तिचा एक फोटो झाला पाहिजे.

बडोदेकरीण

काकू, तुमचं वाचून मी सरळ नणंदेला फोन लावला. ती क्षणभर बोललीच नाही, मग म्हणाली, वहिनी, आईला घेऊन मी पालीला गेले ती माझ्या लग्नाच्याही आधी. तिच्या मिस्टरांनी दोघींबरोबर जायचं कबूल केलंय. सासूबाई आत्तापासूनच कुठलं लुगडं नेसायचं ते ठरवतायत.

सायकलटाइम दादा, उंची काल रात्रीच मोजली, तुम्ही सांगितलंत तशी, वही धरून. वेबसाइट उघडून याद्याही केल्या. मुलगा नायट्रोला बसतो. मुलीच्या यादीत तिच्या दादापेक्षा दोन राइड जास्त निघाल्या, कारण काही राइड फक्त छोट्यांसाठी आहेत. तेव्हापासून ती यादी उशीखाली घेऊन झोपते.

आता ठरलं ते असं. भाऊबीज कल्याणला. तृतीयेला सकाळी सातची गाडी. पार्कात आम्ही चौघं सकाळपासून, बाकीचे तिघं महड-पाली करून चारपर्यंत येतील, पूर्ण तिकीट काढून. एक्स्प्रेस पास दोनच. चतुर्थीला रात्री दादरहून गाडी, आरक्षणाची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहिलीय.

एकच शंका. सकाळी मी आणि मुलगी एकीकडे, हे आणि मुलगा दुसरीकडे. एवढ्या गर्दीत परत भेटायचं कसं? फोन लागला नाही तर?

सायकल_टाइम

फोनवर अवलंबून राहूच नका. गर्दीत नेटवर्क कोंडतं आणि नायट्रोच्या वेळी फोन पिशवीत असतो. आत शिरल्या शिरल्या दारावर मिळणारा नकाशा दोन प्रती घ्या. सावली आणि बसायला जागा असलेलं एक ठिकाण चौघांनी मिळून डोळ्यांनी बघा. कुठल्याही राइडच्या तोंडाशी नको, तिथे माणसांचा लोंढा असतो. एखादं उपाहारगृह बरं, कारण पुढे जेवायलाही तिथेच जायचंय. वेळ पक्की ठरवा, साडेअकरा. नायट्रोचा नंबर त्यावेळी अगदी तोंडाशी आला असेल तर बाप-लेकांनी राइड पूर्ण करून यावं आणि तुम्ही तिथेच बसून राहावं, शोधायला उठू नये. शोधायला दोन्ही बाजू निघाल्या की कोणीच सापडत नाही. चार वाजता आजींच्या गाडीसाठीही तीच जागा सांगा आणि ड्रायव्हरचा नंबर नकाशाच्या मागे लिहून ठेवा.

कल्याण_पूर्व

सातऐवजी साडेसहाला निघा ताई. कर्जतच्या पुढे नाश्त्याला थांबाल त्यात अर्धा तास जातोच. आणि दादरला चतुर्थीच्या रात्री निदान तासभर आधी पोचा. सासूबाईंसाठी पुलाला लिफ्ट कुठल्या बाजूला आहे ते स्टेशनात शिरल्यावर लगेच विचारून घ्या, हमाल करायचा तर तोही तिथेच ठरवा.